जागेची वाटणी : विजेटांच्या घोषणात्मक मांडणीचा आढावा

संगणकाच्या पडद्यावर बटणे, मजकुराचे रकाने, याद्या आणि पट्ट्या अशा विजेटांना आपापली जागा नेमून देण्याचे काम प्रथमदर्शनी केवळ सजावटीचे वाटते. परंतु वेबच्या बाबतीत हे काम कोणी करावे, कोणत्या भाषेत करावे, आणि त्यातील कितीसा भाग लेखकाने स्वतःकडे ठेवून कितीसा ब्राउझरवर सोपवावा, हा प्रश्न गेली तीस वर्षे ज्या चिकाटीने पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे ती पाहता, त्याच्या मुळाशी सजावटीहून अधिक गंभीर असे काही तत्त्व असले पाहिजे, हे मानणे भाग पडते. त्या तत्त्वाचा आणि त्यापायी झालेल्या यशस्वी-अयशस्वी प्रयोगांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मांडणीच्या रीती मुख्यतः दोन. पहिल्या रीतीत प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक विजेटाचे स्थान स्वतः मोजून देतो: हे बटण डाव्या कडेपासून इतक्या पिक्सेलांवर, तो रकाना त्याच्याखाली इतक्या अंतरावर, आणि खिडकी लहानमोठी झाली की सगळा हिशेब प्रारंभापासून पुन्हा. दुसऱ्या रीतीत, जिला घोषणात्मक किंवा डिक्लेरेटिव्ह म्हणतात, लेखक खुणांच्या भाषेत, म्हणजे मार्कअपमध्ये, केवळ घटक आणि त्यांची परस्परांशी असलेली नाती सांगतो, व प्रत्यक्ष मोजमाप ब्राउझर करतो. घरमालकाने सुताराला ‘या भिंतीला तीन खणांचे कपाट, मधला खण दुप्पट रुंद’ एवढे सांगावे आणि करवत कोठे चालवायची ते त्याच्यावर सोडावे, तशातला हा प्रकार आहे. पडद्याची रुंदी, अक्षरांचा आकार, वाचकाची भाषा आणि त्याच्या दृष्टीचे सामर्थ्य या गोष्टी लेखकाला लिहितेवेळी ठाऊक नसतात, ब्राउझरला मात्र दाखवितेवेळी त्यांतील बहुतेक ठाऊक असतात. ही साधी वस्तुस्थितीच दुसऱ्या रीतीचे सर्वांत भक्कम समर्थन होय. तथापि या रीतीचे यश तिच्या भाषेच्या संपन्नतेवर अवलंबून असते. भाषा तोकडी पडली की लोक तिच्यातच आडमार्गाने मोजमाप घुसवतात, आणि घोषणा नावापुरती उरते. वेबवरील मांडणीचा सारा इतिहास या एका सूत्राभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

या रीतीची बीजे वेबच्या जन्माआधीची आहेत. दस्तऐवजात ‘हे ठळक अक्षरांत छापा’ असा हुकूम न लिहिता ‘हे शीर्षक आहे’ अशी खूण करावी, हा विचार आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमएल या भाषेत मूर्त केला, आणि १९८६ साली त्याच परंपरेतील एसजीएमएलला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच काळात, स्टॅनफर्ड येथे डॉनल्ड नुथ यांनी १९७८ पासून जगापुढे आणलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत पानावरील प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पेटी, आणि पेट्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे ताणला जाणारा व आकसणारा ‘गोंद’, अशी कल्पना होती. आडव्या पेट्या, उभ्या पेट्या आणि लवचीक अंतर ही त्रयी पुढे स्टॅनफर्डमध्येच इंटरव्ह्यूज नामक विजेट-संचात खिडक्यांच्या मांडणीसाठी वापरली गेली. छापखान्यातून निघालेली ही कल्पना पडद्यावर स्थिर झाली ती अशी.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे एचटीएमएलचा आरंभ केला तेव्हा त्यांच्यापुढे होता तो मजकूर. विजेटांची जुळणी हा त्यांचा विषयच नव्हता. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात अर्ज भरण्यासाठी रकाने, निवडीच्या याद्या आणि बटणे यांची तरतूद होती. परंतु हे घटक ओळीतल्या अक्षरांसारखे एकामागून एक वाहत जात, आणि त्यांना चौकटीत बसविण्याचे कोणतेही अधिकृत साधन नव्हते. दिसण्याचा प्रश्न वेगळ्या भाषेवर सोपवावा, ही सूचना हॉकोन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली, आणि तिच्यात लेखकाच्या इच्छेबरोबर वाचकाच्या इच्छेलाही स्थान होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने त्या सूचनेचे सीएसएसमध्ये रूपांतर होऊन १७ डिसेंबर १९९६ रोजी तिची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने शिफारस म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने शैलीचे नियम जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामाच्या भाषेत, लिहावेत अशी प्रतिस्पर्धी तजवीज पुढे केली होती. ती मागे पडली. पुढे बर्नर्स-ली यांनी ज्याला ‘किमान सामर्थ्याचा नियम’ म्हटले, म्हणजे काम भागेल अशी सर्वांत दुबळी भाषा निवडावी, कारण दुबळ्या भाषेतील मजकूर इतर यंत्रांना समजून घेता येतो आणि अन्य प्रकारे वापरता येतो, त्या नियमाचा हा एक आरंभीचा विजयच म्हणावा लागेल.

विजय तत्त्वाचा होता. व्यवहारात मात्र त्या पहिल्या सीएसएसजवळ रंग, टंक, समास आणि चित्राभोवती मजकूर वाहू देणारा फ्लोट यांपलीकडे मांडणीचे भांडवल फारसे नव्हते. तीन स्तंभांचे पान कसे मांडावे, या साध्या प्रश्नाला तिच्याकडे सरळ उत्तर नव्हते. ही उणीव लोकांनी टेबलाने भरून काढली. आकडे दाखविण्यासाठी निर्माण झालेल्या या साधनाच्या पोटात टेबल आणि त्याच्या पोटात पुन्हा टेबल घालून संपूर्ण पाने उभी केली गेली, आणि कोपऱ्यांतील अंतर राखण्यासाठी एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र हवे तितके ताणून ठेवण्याची युक्ती सर्वमान्य झाली. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने तिला प्रतिष्ठाही मिळवून दिली. टेबल ही तांत्रिक दृष्ट्या घोषणाच होती, पण ती खोटी घोषणा होती: जे आकड्यांचे कोष्टक नव्हते त्याला कोष्टक म्हणून नोंदविले जात होते, आणि पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला त्या खोट्या साक्षीचा भुर्दंड भरावा लागत होता.

फ्लोटच्या आधाराने स्तंभ उभे करण्याचा पुढचा कालखंड अधिक सचोटीचा असला तरी कमी कष्टाचा नव्हता. डेव्ह शे यांच्या २००३ मधील सीएसएस झेन गार्डनने एकाच खूणबद्ध मजकुराला शेकडो वेषांतरे देता येतात हे सप्रयोग सिद्ध केले आणि टेबलांच्या विरोधकांना ध्वज मिळाला. तथापि शेजारशेजारचे दोन स्तंभ एकाच उंचीचे दिसावेत एवढ्यासाठी पाठीमागे पट्टेदार चित्र लावावे लागे, आणि उभ्या दिशेने एखादे बटण मध्यावर आणण्यासाठी मनस्वी खटाटोप करावा लागे. सीएसएसच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, खऱ्या टेबलाची खूण न वापरता टेबलासारखी वाटणी करण्याची सोय होती खरी. पण इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ती २००९ च्या आठव्या आवृत्तीत येईपर्यंत बहुतेकांनी तिचा नाद सोडला होता.

याच सुमारास दुसरीकडे एक समांतर प्रवाह वाहत होता, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय आढावा पूर्ण होणार नाही. मोझिलाच्या मंडळींनी ब्राउझरची स्वतःची पट्टी, यादी आणि संवादखिडक्या एक्सयूएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिल्या. तीत आडव्या व उभ्या पेट्यांच्या खुणा होत्या, आणि कोणत्याही घटकावर ‘फ्लेक्स’ हा गुण लिहून त्याच्यासमोर आकडा दिला की शिल्लक जागा त्या प्रमाणात वाटली जाई. मॅक्रोमीडियाने २००४ मध्ये आणलेल्या फ्लेक्स याच नावाच्या उत्पादनाची एमएक्सएमएल ही भाषा, मायक्रोसॉफ्टची २००६ च्या अखेरीस डॉट नेट ३.० बरोबर आलेली एक्झॅमल, आणि अँड्रॉइडच्या मांडणीच्या एक्सएमएल फायली या सर्वांनी थोड्याफार फरकाने तोच मार्ग धरला: एक्झॅमलमध्ये स्तंभाच्या रुंदीपुढे तारांकन, अँड्रॉइडमध्ये ‘वेट’, पण अर्थ एकच, की प्रथम ज्याला नेमकी जागा लागते त्याला ती द्यावी आणि उरलेली प्रमाणशीर वाटावी. या भाषांमध्ये विजेट आणि त्याची जागा ही दोन्ही एकाच खुणांच्या वृक्षात लिहिली जातात. परिणामी वाचायला त्या अत्यंत सुबोध आहेत. पण पडदा बदलला की वृक्षच बदलावा लागतो, कारण आशय आणि स्थान यांची ताटातूट करण्याची मुभा त्यांत अपुरी आहे. शिवाय त्यांतील कित्येक एकेका कंपनीच्या दावणीला बांधलेल्या होत्या. ज्या फ्लॅशवर एमएक्सएमएल विसंबून होती त्याचा आधार २०२० अखेर काढून घेण्यात आला, एक्झॅमलवर उभ्या असलेल्या सिल्व्हरलाइटचा २०२१ मध्ये, आणि एक्सयूएलवर लिहिलेली जुनी विस्तारके फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली.

या भाषांनी मागे ठेवलेला वारसा मात्र मोलाचा ठरला. एक्सयूएलमधील पेटीची कल्पना सीएसएसमध्ये आणण्याचा पहिला मसुदा जुलै २००९ मध्ये निघाला, त्याची परिभाषा दोनदा आमूलाग्र बदलली, आणि २०१२ मध्ये फ्लेक्सबॉक्सला आज आपण ओळखतो ते रूप प्राप्त झाले. त्याचे कार्य जवळून पाहण्यासाठी शोधपट्टीचे उदाहरण घेऊ: एका ओळीत ‘शोधा’ ही पाटी, मजकुराचा रकाना आणि एक बटण. पाटी ८० पिक्सेल, बटण १०० पिक्सेल, मधली दोन अंतरे दहा-दहाची, आणि रकान्याला ‘फ्लेक्स १’ एवढीच घोषणा. पट्टी ६०० पिक्सेलांची असेल तर रकान्याला ४०० मिळतात. लेखकाने हा आकडा कोठेही लिहिलेला नसतो. आता पट्टी फोनच्या पडद्याएवढी, ३२० पिक्सेलांची झाली, तर वजाबाकीने रकान्याला १२० उरले पाहिजेत. प्रत्यक्षात बहुधा असे घडते की रकाना आकसण्यास नकार देतो आणि बटण कडेबाहेर ढकलले जाते. याचे कारण असे की मजकुराच्या रकान्याला एचटीएमएलच्या जुन्या नियमानुसार सुमारे वीस अक्षरांची उपजत रुंदी असते, आणि फ्लेक्सबॉक्सचा कायदा कोणत्याही घटकाला त्याच्या आशयाच्या किमान रुंदीखाली आपणहून जाऊ देत नाही. लेखकाने ‘किमान रुंदी शून्य’ अशी वेगळी घोषणा केल्यावरच तो नमतो. घोषणात्मक रीतीत मोजमापाचे ओझे उतरते, पण मोजणाऱ्याचा जाबता पाठ असावा लागतो, ही या उदाहरणाची शिकवण आहे, आणि ज्यांनी ही रीत ‘सोपी’ म्हणून पुरस्कारिली त्यांनी ही अट क्वचितच उच्चारली आहे.

फ्लेक्सबॉक्स एका दिशेचा स्वामी. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांची एकत्र वाटणी ग्रिडने शक्य केली. पानाचा नकाशा अक्षरांतून रेखाटण्याची कल्पना बर्ट बॉस यांनी २००५ च्या मसुद्यात मांडली होती. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ग्रिडचा प्रस्ताव पुढे करून इंटरनेट एक्स्प्लोररच्या दहाव्या आवृत्तीत त्याचे आरंभीचे रूप प्रसिद्ध केले, क्रोममधील त्याच्या उभारणीचे काम इगालिया या संस्थेने ब्लूमबर्गच्या अर्थसाहाय्याने केले, आणि मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिघांनी तो वापरास खुला केला. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एखादे मोठे साधन अशा एकदिलाने आणल्याची उदाहरणे वेबच्या इतिहासात थोडीच आहेत. ग्रिडमध्ये लेखक ‘मथळा’, ‘सूची’, ‘आशय’, ‘तळटीप’ अशी क्षेत्रांची नावे ओळीओळीने लिहितो आणि नियमाचा मजकूर पाहताच पानाची आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. स्तंभांना ‘२०० पिक्सेल आणि १ एफआर’ अशी मापे दिली की सूचीला तिची ठरलेली जागा मिळून उरलेली सर्व आशयाला जाते. अरुंद पडद्यासाठी तीच नावे एकाखाली एक लिहिली की झाले. खुणांच्या वृक्षाला हात लावावा लागत नाही. एक्झॅमलसारख्या भाषांना जे साधले नव्हते ते येथे साधले.

ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये प्रतिपादिलेल्या, पडद्याच्या रुंदीनुसार रूप पालटणाऱ्या रचनेच्या विचाराने या साऱ्या घडामोडींना वेग दिला. पण त्या विचारात निकष होता तो संपूर्ण पडद्याचा. विजेटाला मात्र पडद्यापेक्षा आपल्याला लाभलेल्या कोनाड्याशी कर्तव्य असते. तारखेची निवडपट्टी रुंद पानाच्या अरुंद बाजूपट्टीत बसवली तर पडद्याची रुंदी विचारून तिला काय उपयोग? ही अडचण, विजेटाला आपल्या कोनाड्याचीच रुंदी विचारू देणाऱ्या कंटेनर क्वेरीने दूर केली. २०२२ मध्ये क्रोम व सफारीत आणि २०२३ च्या प्रारंभी फायरफॉक्समध्ये तिचा अंमल सुरू झाला. एका ग्रिडच्या रेषा आतल्या ग्रिडला वापरू देणारी सबग्रिडची सोयही २०२३ मध्ये प्रमुख ब्राउझरांत पूर्ण झाली. वेबच्या घोषणात्मक भाषेला संपन्नता येण्यास अशी पाव शतकाहून अधिक मुदत लागली.

दरम्यान विजेटे लिहिण्याची भाषाही पालटली. मे २०१३ मध्ये फेसबुकने खुल्या केलेल्या रिॲक्टने जावास्क्रिप्टच्याच पोटात खुणांची भाषा आणली आणि पडदा म्हणजे माहितीच्या सद्यःस्थितीचे वर्णन होय, हे सूत्र रुजविले. अँग्युलर व व्ह्यू यांनी एचटीएमएलच्या खुणांवर नवे गुण चढवून तोच हेतू साधला, तर वेब कॉम्पोनंट्सच्या मानकांनी लेखकाला स्वतःची खूण निर्माण करण्याचा अधिकार दिला. पुढे फ्लटर, स्विफ्टयूआय आणि जेटपॅक कंपोज यांनी स्वतंत्र मार्कअपच टाकून देऊन प्रोग्रामाच्या भाषेत घोषणात्मक वर्णन लिहिण्याचा परिपाठ पाडला. यावरून मार्कअपचे दिवस भरले, असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा एक पक्ष आहे. मला तो मान्य नाही. या साधनांत घोषणा आहे, पण ती वाचण्यासाठी प्रोग्राम चालवावा लागतो. एचटीएमएलचा दस्तऐवज शोधयंत्राला, पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाला आणि वीस वर्षांनंतरच्या ब्राउझरला न चालविता वाचता येतो. आणि मौजेची गोष्ट अशी की रिॲक्ट नेटिव्हसारख्या ब्राउझरबाहेरील साधनानेही जागेच्या वाटणीसाठी फ्लेक्सबॉक्सचेच नियम स्वीकारले आहेत.

मराठी मजकुराच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. इंग्रजी ‘नेम’ या चार अक्षरांसाठी ८० पिक्सेलांची पाटी बेतून दिली आणि तेथे ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’ आले की पाटी फाटते. ‘महानगरपालिकाक्षेत्रातील’ यासारखा जोडशब्द मध्ये तुटत नाही, म्हणून तो आपल्या स्तंभाची किमान रुंदी फुगवतो आणि शेजाऱ्याची जागा खातो. उंचीची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. ‘विद्यार्थ्यांची’ या शब्दात शिरोरेषेच्या वर रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर बसतात, तर ‘हृदय’ किंवा ‘कुटुंब’ यांत चिन्हे खाली उतरतात; लॅटिन लिपीच्या मापाने बटणाची उंची पिक्सेलांत गोठवून बाहेर गेलेला भाग झाकण्याची आज्ञा दिली की पहिल्या शब्दाचा अनुस्वार आणि दुसऱ्याचा ऋकार कापला जातो. उंची न सांगता ओळीच्या उंचीचे प्रमाण आणि आतला समास सांगितला, तर तेच बटण दोन्ही लिप्यांना पुरते. मराठीत अनुवादित झालेल्या पडद्यांवरील कित्येक दोष भाषांतराचे नसून अशा गोठविलेल्या मापांचे असतात.

आणखी एका बाबतीत सावधगिरी आवश्यक आहे. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड यांनी घटकांचा दृश्य क्रम खुणांच्या क्रमाहून निराळा करण्याची मुभा दिली आहे. पण टॅबची कळ दाबत पुढे जाणारा वापरकर्ता आणि वाचनसाधन यांचा प्रवास सामान्यतः दस्तऐवजातील क्रमानेच होतो. डोळ्यांना प्रथम दिसणारे बटण बोटांना शेवटी सापडले, तर टेबलांच्या काळातील खोटी साक्षच नव्या वेषात परतली असे होईल. सीएसएसच्या नियमावलीतच याविषयी स्पष्ट इशारा आहे, आणि तो पुष्कळदा वाचला जात नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष संक्षेपाने सांगायचा तर असा: विजेट काय आहे आणि कोणानंतर वाचले जावे, हे खुणांत लिहावे, ते कोठे बसावे, हे शैलीत लिहावे, आणि किती पिक्सेल घ्यावे, हे शक्य तोवर लिहूच नये. ज्या मंडळींना मराठीत किंवा अन्य भारतीय भाषांत पडदे रचावयाचे आहेत त्यांनी आपल्या शैलीपत्रकांतून स्थिर उंची आणि स्थिर रुंदी यांच्या घोषणा शोधून काढून प्रत्येकीला तिच्या अस्तित्वाचे कारण विचारावे, आणि जिला कारण देता येणार नाही तिला रजा द्यावी.